पद्मिनी शेडमधून काढायचीय? चावी आधी खिशात ठेवा

प्रश्न : वडिलांची १९८४ ची प्रीमियर पद्मिनी आहे. २००९ ला पासिंग संपलं तेव्हापासून अक्कलकोट रोडच्या आमच्या बंद पडलेल्या यंत्रमागाच्या शेडमध्ये उभी आहे, वरून आमच्याच मागावरच्या दोन जुन्या चादरी टाकल्यात. वडील २०१९ ला गेले, गाडी अजून त्यांच्याच नावावर. फेब्रुवारीत मुलीचं लग्न आहे आणि तिचा हट्ट आहे की पाठवणी आजोबांच्या गाडीतूनच. पुतण्या म्हणतोय, काका नवी बॅटरी आणू, सेल्फ मारू, नाहीतर धक्का मारू. टाकीत तेव्हाचं अर्धी टाकी पेट्रोल असणार. मारू का सेल्फ?
(एक वाचक, सोलापूर)

उत्तर : काका, पुतण्याला म्हणावं थांब जरा, आणि चावी तुमच्या खिशात ठेवा, त्याला सापडेल अशा खुंटीवर नको.

हे मी पोळलेल्या तोंडाने सांगतोय. कॉलेजात असताना मामाची फियाट, म्हणजे पद्मिनीचंच आधीचं नाव, गोठ्याशेजारी सहा वर्षं उभी होती, आम्ही तिघं भाऊ उसनी बॅटरी घेऊन गेलो, सेल्फ मारला, इंजिन फिरलं, आम्ही ओरडलो आणि तेवढ्यात आतून टक्कन आवाज. एक व्हॉल्व्ह गाईडमध्ये गंजून बसला होता, कॅमने खालून ढकललं, वरचा हलायला तयार नाही, मग दोघांच्या मधल्या दांडीने, म्हणजे पुशरॉडने, काय करायचं, ती वाकली. हेड उतरवावं लागलं. मामांनी ती वाकडी पुशरॉड पुढं कोंबड्यांच्या खुराड्याला कडी म्हणून लावली आणि आम्ही कधीही गेलो की आधी ती दाखवायचे मग चहा.

तर आधी चादरी काढा. चादर सुती, पावसाळ्यात ओल धरते आणि उंदराला आयता कापूस. एका गाडीचा एअर फिल्टरचा डबा उघडला तर आत लाल-निळ्या धाग्यांचं इतकं सुबक घरटं होतं की काढायला जीव होईना. डब्यातून, सायलेन्सरच्या तोंडातून, सीटखालून सगळं साफ करा, डॅशबोर्डखाली टॉर्च मारून वायरी कुरतडल्यात का बघा. कुरतडलेल्या वायरिंगवर नवी कोरी बॅटरी जोडली तर लग्नाआधी होळी. वायरिंग तपासून होईपर्यंत बॅटरी आणूच नका.

आता इंजिन. चारही प्लग काढा, प्रत्येक भोकात दोन-तीन चमचे इंजिन ऑइल सोडा आणि दोन-तीन दिवस तसंच राहू द्या, रोज जाऊन बघायची हौस असेल तर बघा पण हात लावू नका. मग गाडी न्यूट्रलला ठेवून पुढच्या पुलीच्या नटाला पाना लावून हाताने हळू फिरवा. फिरलं तर वरचं टॅपेट कव्हर काढून आठही व्हॉल्व्ह खालीवर होतात का ते डोळ्यांनी बघा, एखादा खाली जाऊन वर येत नसेल तर तिथंच थांबायचं. अडलं तर जोर करायचा नाही, पुन्हा ऑइल आणि पुन्हा वाट. हे इंजिन १०८९ सीसीचं, साधं, सहनशील, पण पान्याला पाईप लावून लांबी वाढवली की कुठलंही इंजिन तुटतं. मोकळं फिरलं की जुनं ऑइल काढून नवीन २०डब्ल्यू-४० भरा, फिल्टर बदला, आणि प्लग बाहेर ठेवूनच बॅटरी लावून सेल्फ मारा, डॅशवरचा ऑइलचा दिवा विझेपर्यंत. म्हणजे ठिणगी पडायच्या आधी बेअरिंगपर्यंत तेल पोचलेलं असतं. पुतण्याला सेल्फ मारायची हौस आहे ना, ती इथं भागवा.

टाकीतलं पेट्रोल विसरा. इतक्या वर्षांत त्याचं पेट्रोल राहिलेलंच नसतं, झाकण उघडलं की जुन्या व्हार्निशसारखा वास येतो तो त्याचाच. ते कार्बोरेटरमध्ये गेलं की जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारी बारीक भोकं, बुजतात. टाकी उतरवा, रिकामी करा, धुवा, आत गंज किती ते बघा, पण त्या टाकीला वेल्डिंग करून देतो म्हणणाऱ्याकडे देऊ नका, रिकाम्या टाकीतली वाफ भरलेल्या टाकीपेक्षा घातक. कार्बोरेटर खोलून पेट्रोलने आणि हवेने साफ करायचा, जेटमध्ये तार घालणारा मिस्त्री दिसला तर त्याच्या हातातून काढून घ्या, भोक एकदा मोठं झालं की गाडी जन्मभर पेट्रोल पिते. पहिल्यांदा चालू करताना टाकी जोडायचीच नाही, बाटलीत ताजं पेट्रोल घेऊन पाईपने सोडायचं, बाटली धरणारा माणूस इंजिनापासून लांब, आणि आग विझवायचं सिलिंडर हाताशी. ठिणगीसाठी डिस्ट्रिब्युटरमधले पॉइंट साफ करा, त्यांच्या जोडीचा कंडेन्सर नवा टाका, ती किरकोळ वस्तू आहे.

पण एवढं सगळं सांगून खरं सांगू का, इंजिनाची मला तुमच्या इतकी काळजी नाही. लोक इंजिन चालू झालं की पेढे वाटतात आणि गाडी तशीच रस्त्यावर काढतात. मला काळजी ब्रेकची आहे.

पद्मिनीला चारही चाकांना ड्रम. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढतं, ते पाणी व्हील सिलिंडरमध्ये बसून आतून गंजवतं आणि रबरी कप चिकटतो. मग पाय दाबला की एक तर काहीच होत नाही किंवा चाक धरतं ते सोडतच नाही. चारही ड्रम उतरवा, सगळे व्हील सिलिंडर, मास्टर सिलिंडरचं किट, तिन्ही-चारही होज पाईप बदला. होज वरून चांगला दिसतो हो, आतून फुगून बंद झालेला असतो. एक गोष्ट लक्षात ठेवा, ब्रेकच्या रबराला पेट्रोल, डिझेल, ग्रीस, इंजिन ऑइल काही लावायचं नाही, रबर फुगतं. मिस्त्री प्रेमाने बोटभर ग्रीस लावायला जातो, हात धरा. क्लच प्लेटही फ्लायव्हीलला चिकटलेली असू शकते, पायडल दाबून गिअर पडत नसेल तर तेच.

आपल्याकडची एक बरी बाजू म्हणजे हवा कोरडी, कोकणातल्या गाडीचा पत्रा जसा पापडासारखा होतो तसं इथं कमी होतं. तरी मॅट उचलून फ्लोअर आणि बॅटरीखालचा पत्रा स्क्रू ड्रायव्हरने टोचून बघा. आपल्या उन्हाने मरतं ते रबर, म्हणजे टायर, फॅन बेल्ट, रेडिएटरचे पाईप, काचेच्या कडा. टायरवर चार आकड्यांचा शिक्का असतो, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. तुमच्या टायरवर ०८ किंवा त्याआधीचं काही निघेल, नक्षी कितीही भारी असली तरी ते बाद. रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी भरू नका, आपल्या बोअरचं पाणी घरात पातेल्याला जे करतं तेच आत करतं.

स्पेअर मिळतात, घाबरू नका. मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सीत ही गाडी २०२३ च्या ऑक्टोबरअखेरपर्यंत होती, त्यामुळे कुर्ला आणि ऑपेरा हाऊसकडच्या दुकानांत अजून माल सापडतो, फक्त जुना पार्ट सोबत घेऊन जा, फोनवर वर्णन करून मागवलेला निम्म्या वेळा भलताच येतो. आणि ही गाडी म्हणजे आपल्या घरचीच की ओ. प्रीमियर कंपनी काढणारे वालचंद हिराचंद सोलापुरात जन्मले, १८८२ साली. कारखाना कुर्ल्याला गेला ती गोष्ट वेगळी.

कागदपत्रांचं काम गाडीच्या आधी सुरू करा, मी तर म्हणतो उद्याच. नाव बदलायला वारसासाठीचा फॉर्म ३१, सोबत मृत्यू दाखला आणि बाकीच्या वारसांची संमती. रजिस्ट्रेशन रिन्युअलला फॉर्म २५. २०२५ च्या ऑगस्टपासून वीस वर्षांवरच्या कारची रिन्युअल फी १०,००० रुपये झालीय, शिवाय उशिराचा दंड आणि पर्यावरण कर वेगळा, तेव्हा रंगाचे पैसे ठरवण्याआधी हे बाजूला काढा. गाडी तपासणीला न्यावी लागते, चासी नंबर वाचता आला पाहिजे, पेंटरने त्यावर पुट्टी मारली तर बोंब. इन्शुरन्स नसताना चालवत नेऊ नका, टेम्पोवर चढवून न्या. तुमचा नंबर सोलापूरच्या एमएच तेराच्या आधीचा, तीन अक्षरी असणार, तो तसाच राहतो, फक्त आता हाय सिक्युरिटी प्लेटवर येतो.

रंग शेवटी. फेब्रुवारीपर्यंत ब्रेक झाले आणि रंग राहिला तर झेंडूच्या माळा लावा, पाठवणीच्या फोटोत कुणाला कळणार नाही. उलटं झालं तर मुलीला दुसऱ्या गाडीतून पाठवा आणि आजोबांची गाडी मांडवाच्या दारात उभी करा, ढकलत आणून.

प्रश्न : माझी जुनी फियाट आता चालू झाली पण सगळे म्हणतात आताच्या वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलने जुनी गाडी खराब होते. गाडी परत उभीच करू का?

उत्तर : नका हो, उभी करूनच तर ती खराब झाली होती. आणि ज्या जिल्ह्यात पावलागणिक साखर कारखाना त्या जिल्ह्यात बसून इथेनॉलला शिव्या देणंही बरं दिसत नाही. अडचण खरी आहे पण ती आवरता येते. इथेनॉल जुन्या रबराला मऊ करतं, म्हणजे पेट्रोलचे पाईप, इंजिनावरच्या पंपाचा पडदा, कार्बोरेटरची वॉशर. दुसरं म्हणजे ते पाणी ओढतं, आणि गाडी महिनोन्महिने उभी राहिली की ते पाणी टाकीच्या तळाला बसून गंज धरतं. तिसरं, टाकीत वर्षानुवर्षं बसलेली घाण ते सोडवतं आणि सगळी पुढं पाठवतं, त्यामुळे लोकांना वाटतं पेट्रोलच घाण. पाईप इथेनॉल चालणारे टाका, पंपाचं किट नवं घ्या, पंपाच्या आधी पारदर्शक फिल्टर बसवा आणि पहिले काही आठवडे तो बघत राहा, काळा झाला की बदला. या पेट्रोलवर हवा-पेट्रोलचं मिश्रण थोडं पातळ होतं, गाडी उचल खात नसेल किंवा कार्बोरेटरमधून शिंकत असेल तर ट्यूनिंग करून घ्या. जास्त दिवस उभी ठेवायची असेल तर इंजिन थंड असताना टाकीकडून पंपात येणारा पाईप काढून त्याचं तोंड बंद करा, मग इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवा, कार्बोरेटर कोरडा होतो.

प्रश्न : आमची फियाट १९७२ ची. व्हिंटेज नंबर घ्यावा का?

उत्तर : पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं झाली आणि मूळ रूप फार बदललं नसेल तर २०२१ च्या नियमाने व्हीए सिरीज मिळते, मुदत दहा वर्षं. पण मग गाडी प्रदर्शन, रॅली, पेट्रोल आणि दुरुस्ती एवढ्यापुरतीच रस्त्यावर. दर गुरुवारी अक्कलकोटला स्वामींच्या दर्शनाला जायचं असेल तर साधं रिन्युअलच करा. आणि १९७२ ची असेल तर तिला पद्मिनी म्हणू नका, ते नाव १९७४ मध्ये आलं.

प्रश्न : गाडी सकाळी मस्त पळते, दुपारी तुळजापूरच्या घाटात बंद पडते, अर्ध्या तासाने आपोआप चालू. तीन मिस्त्री झाले, प्रत्येकाने वेगळा पार्ट बदलला.

उत्तर : चौथ्याकडे जाण्याआधी पुढच्या वेळी बंद पडल्यावर तिथल्या तिथं दोन गोष्टी बघा. एका प्लगची वायर काढून त्यात जादा प्लग लावा, तो इंजिनाच्या लोखंडाला टेकवा आणि सेल्फ मारायला सांगा, ठिणगी नसेल तर तापलेली कॉइल किंवा कंडेन्सर, विषय संपला. ठिणगी चांगली असेल तर पेट्रोल. पाईप मात्र गरम इंजिनावर काढू नका, आधी पंपावर ओलं फडकं गुंडाळा आणि दहा मिनिटं थांबा, तेवढ्याने चालू झाली तर पेट्रोलची वाफ होऊन अडकत होती. पंप इंजिनालाच बसवलेला, घाटात वेग कमी, वारा कमी, उन्हाळ्यात आपला पारा चाळिशीच्या वर, मग पाईपात पेट्रोलऐवजी वाफ भरते आणि पंप नुसती वाफच हलवत बसतो.

कायमचा इलाज म्हणजे पाईप सायलेन्सरच्या फांदीपासून लांब घ्यायचा, रेडिएटर उतरवून साफ करायचा, इग्निशनचं टायमिंग तपासायचं, उशिरा असेल तर इंजिन नाहक तापतं. तोपर्यंत डिकीत पाण्याची बाटली आणि एक जाड सुती फडकं ठेवा. आपल्याकडचा जुना टॉवेल चांगला, पाणी धरून ठेवतो. फक्त तो बांधताना टोक फॅन बेल्टपासून लांब आहे ना ते बघा, एकाचा अख्खा टॉवेल बेल्टने ओढून घेतलेला मी बघितलाय.