पोरीला वीज क्षेत्रात घालू, की स्पर्धा परीक्षेला बसवू?

पत्र (थोडक्यात): अमळनेर तालुक्यात माझं कृषी सेवा केंद्र आहे. वीस-बावीस वर्षं बियाणं, खतं, औषधं विकली. मग नियम आला की दुकानदाराला शेतकीची पात्रता हवी. पंचेचाळिशी ओलांडल्यावर मला वर्गात बसून खतं-औषधं विकणाऱ्यांसाठीचा 'देसी' डिप्लोमा करावा लागला. मुलगी विद्युत पदविकेच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिला डिग्रीच्या दुसऱ्या वर्षाला थेट प्रवेश घेऊन पुढे सोलरचा धंदा करायचाय. मी म्हणतो, या क्षेत्रात जिकडे तिकडे परवाने आणि इन्स्पेक्टर. त्यापेक्षा एमपीएससी कर आणि परवाना देणाऱ्याच्या खुर्चीत बस. ती म्हणते, परवाना काढायचाच नाही, गिऱ्हाईक कागद बघत नाही, काम बघतं. सध्या दोघांत अबोला आहे. मन्ही पोर हुशार शे. मार्ग सांगा.

भाऊसाहेब, नमस्कार.

पत्र तुम्ही लिहिलंय, पण उत्तर दोघांनी शेजारी बसून वाचा. तुमचं भांडण तुम्हाला वाटतं तेवढं खोल नाही. सरकारी नियमांवर दोघांचाही विश्वास नाही. तुम्ही त्यावरून ठरवलंत की नियम लावणाऱ्यांत जावं, आणि तिने ठरवलं की नियमाला विचारूच नये. हे दोन्ही निर्णय मला पटत नाहीत. तुमची शंका मात्र पटते.

शंका घेण्यासारखं आपल्याकडे पुष्कळ घडलंय. 1972 नंतर कापूस एकाधिकार खरेदीत शेतकऱ्याने कापूस सरकारी केंद्रावरच घालायचा होता. शिरपूरच्या पलीकडे मध्य प्रदेशात सेंधव्याला भाव बरा मिळत असला, तरी सीमेवर गाडी अडवली जायची. स्वतःच्या शेतातला माल चोरासारखा रात्री न्यावा लागलेली माणसं तुमच्या आजूबाजूला अजून आहेत. शेतकरी संघटनेचे शरद जोशी बाजाराच्या आणि तंत्रज्ञानाच्या स्वातंत्र्यासाठी आयुष्यभर भांडले, ते याच अनुभवाच्या जमिनीवर.

बीटी वांग्याचं बघा, म्हणजे अळी लागू नये म्हणून जनुकात बदल केलेल्या वांग्याचं. ऑक्टोबर 2009 मध्ये जनुकीय अभियांत्रिकीच्या मान्यता समितीने त्याला हिरवा कंदील दाखवला आणि फेब्रुवारी 2010 मध्ये पर्यावरण मंत्र्यांनी स्थगिती दिली. 2013 मध्ये बांगलादेशाने तेच वांगं लागवडीसाठी खुलं केलं. भरताच्या वांग्याला भौगोलिक मानांकन मिळवणाऱ्या जळगाव जिल्ह्यात शेंडा आणि फळ पोखरणाऱ्या अळीवर किती फवारण्या होतात, हे तुम्हाला गल्ल्यावर बसून दिसतं. मंत्र्यांनी हो म्हणायला हवं होतं, असा माझा आग्रह नाही. नाही म्हणताना 'अमुक चाचणी करा, अमुक मुदतीत करा, मग बघू' असं काही ठरवून दिलं असतं, तर त्याला नियमन म्हणता आलं असतं. मुदत नसलेल्या स्थगितीने संशोधक, शेतकरी आणि विरोधक सगळेच लटकत राहतात, आणि वर्षं निघून जातात.

बंदी घातली म्हणून वस्तू थांबते असंही नाही. तणनाशकाला दाद न देणाऱ्या कापसाच्या बियाण्याला मंजुरी नाही, तरी 'चोरबीटी' गावोगाव पोचलं. 2019 मध्ये अकोला जिल्ह्यात शेतकऱ्यांनी ते उघडपणे पेरून सत्याग्रह केला. बियाणं शेतात गेलं, पण पावती गेली नाही. उगवलं नाही तर शेतकरी कुणाकडे तक्रार करणार? नियमाने ज्याला वाचवायचं, त्यालाच उघड्यावर सोडलं.

आता तुमच्या डिप्लोमाविषयी थोडं स्पष्ट बोलते, राग मानू नका. 2017 च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर गेले, शेकडो दवाखान्यात भरती झाले. दोन-तीन औषधं एकत्र करून मारणं, तोंडाला साधा रुमाल, वाऱ्याच्या उलट दिशेने पंप, अशी कितीतरी कारणं होती. यातल्या बऱ्याच गोष्टींचा सल्ला शेतकऱ्याला कुठे मिळतो? कृषी अधिकारी वर्षातून किती वेळा भेटतो ते तुम्ही जाणता. सल्ला तुमच्या काउंटरवर मिळतो. तिथल्या माणसाला कोणतं औषध कशात मिसळायचं नाही हे ठाऊक असावं, ही अपेक्षा मला रास्त वाटते. तुमचा अपमान झाला तो वेगळ्या कारणाने. वीस वर्षांत तुम्ही जे शिकलात त्याची साधी तोंडी परीक्षाही कुणी घेतली नाही, सगळ्यांना एकाच बाकावर बसवलं. तुमची तक्रार त्या पद्धतीबद्दल आहे आणि ती खरी आहे. तेवढ्यावरून मूळ नियम खोटा ठरत नाही.

मी एवढंच बघते: काम चुकलं तर मार कुणाला बसतो? चूक गिऱ्हाईकाला ताबडतोब दिसत असेल आणि तो दुसऱ्याकडे जाऊ शकत असेल, तर परवान्याची गरज क्वचितच असते. ज्याचा त्या व्यवहाराशी काही संबंध नाही अशा तिसऱ्या माणसाच्या जिवावर ती बेतणार असेल, तर कुणीतरी आधी तपासणं भाग आहे.

आता मुलीशी बोलते.

गिऱ्हाईक काम बघतं म्हणतेस. सोलरच्या कामात त्याला काय दिसतं? चकचकीत पॅनेल आणि महिन्याचं बिल. जमिनीखाली अर्थिंगचा खड्डा कसा भरलाय ते दिसत नाही. दहा पॅनेल मालिकेत जोडली की 400-500 व्होल्ट डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारा प्रवाह, तयार होतो, आणि उन्हात तो बंद करायला बटण नसतं. घरातला एसी, म्हणजे दिशा बदलत राहणारा प्रवाह, दर सेकंदाला शंभर वेळा शून्यातून जातो, म्हणून स्विच उघडला की ठिणगी विझते. डीसीला शून्य नाही. तिथे कुणी पन्नास रुपये वाचवायला एसीचा एमसीबी (दोष आला की आपोआप पडणारा स्विच) बसवला, तर दोष आल्यावर ठिणगी विझणार नाही आणि डबाच पेटेल. आणि मालिका आखताना जळगाव-भुसावळचा 45 अंशांचा मे महिना पुरत नाही. पॅनेल तापलं की व्होल्टेज उतरतो, गार असलं की चढतो. जानेवारीतल्या गार पहाटे, सूर्य उगवताना, डीसीचा एसी करणाऱ्या इन्व्हर्टरची मर्यादा ओलांडली जात नाही ना, हा हिशोब आधी करायचा असतो. हे तुला शिकवलं असेल. गिऱ्हाईकाला कुणी शिकवलेलं नाही.

त्याहून मोठी गोष्ट खांबावर चढलेल्या माणसाची. लाइट गेली की छतावरचा इन्व्हर्टर आपोआप थांबला पाहिजे. भारतीय मानक 16169 मधली चाचणी त्याच्यासाठीच असते. नाही थांबला, तर तुझ्या गिऱ्हाईकाच्या घरातली वीज लाइनवर उलटी जाते, डीपीतून उलट चढून 11,000 व्होल्टची होऊ शकते, आणि फीडर बंद आहे असं समजून काम करणारा महावितरणचा वायरमन तिला हात लावतो. त्याने तुझ्याकडून काही विकत घेतलेलं नाही. तुझी किंमत आणि तुझं नाव त्याला माहीतही नाही. त्याच्या वतीने बघणारं कुणीतरी हवं. म्हणून केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे सुरक्षा नियम म्हणतात की जोडणीचं काम परवानाधारक ठेकेदारानेच घ्यावं, प्रमाणपत्र असलेल्या पर्यवेक्षकाच्या देखरेखीखाली आणि परमिट असलेल्या वायरमनच्या हातून करावं. हा परवाना तू काढायचा. त्याबाबत माझं मत डळमळीत नाही.

काढल्यावर मात्र डोळे उघडे ठेव. तपासायला येणारा माणूस अर्थिंगचा रोध मोजतो, की फाइलमधली पानं मोजतो? मोजमाप न करता सही झाली, तर तो नियम त्या वायरमनला वाचवत नाही, फक्त तुझा वेळ खातो. कुणी वरचे पैसे मागितले तर देऊ नकोस. लाचलुचपत प्रतिबंधक विभाग त्यासाठीच आहे. आणि जो नियम निरुपयोगी वाटेल त्याच्याविरुद्ध लेखी भांड. वीज नियामक आयोग दर आणि विनियम ठरवण्याआधी मसुदा जाहीर करतो, जनतेच्या हरकती मागवतो. पुष्कळदा तिथे ज्यांना काम कळतं अशी माणसं कमी आणि वकील जास्त असतात. तुझ्यासारखीने दोन पानं आकडेवारीसह लिहिली तर ती वजनदार ठरतात.

भांडून बदल होत नाही असं तुम्हा दोघांना वाटत असेल, तर अलीकडचंच सांगते. मार्च 2021 मध्ये ड्रोनसाठी आलेले नियम इतके किचकट होते की त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ते बदलावे लागले. 25 अर्ज होते ते 5 झाले, 72 प्रकारची शुल्कं होती ती 4 वर आली. नकाशे बनवण्याचं क्षेत्र फेब्रुवारी 2021 मध्ये असंच मोकळं झालं. 2024 मध्ये वीज ग्राहक हक्क नियमांत दुरुस्ती होऊन 10 किलोवॅटपर्यंतच्या छतावरच्या सोलरचा अर्ज परिपूर्ण असेल तर तांत्रिक व्यवहार्यता न तपासता मंजूर धरायचं ठरलं. इन्व्हर्टरची सुरक्षा तशीच ठेवून कागदाचा एक थर काढला. त्याहीआधी 2003 च्या विद्युत कायद्याने वीजनिर्मितीचा परवानाच रद्द केला. ग्रीडला जोडायचं तर तांत्रिक मानकं पाळा, बाकी केंद्र उभारायला परवाना नको. साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलला पवनचक्क्या फिरताना दिसतात, त्या धंद्यामागे हीही एक गोष्ट आहे.

नियमाचा परिणाम नेहमी सरळ रेषेत जात नाही, हेही लक्षात असू द्या. 1945 मध्ये अमळनेरला वनस्पती तुपासाठी निघालेली विप्रो कंपनी संगणकांकडे वळली, त्याला एक कारण असं की परकीय चलन नियमन कायद्यामुळे आयबीएम 1978 मध्ये भारतातून गेली आणि जागा रिकामी झाली. मला तो कायदा चांगला वाटत नाही. देशाने त्याची किंमत मोजली. पण विप्रो त्याच काळात वाढली.

भाऊसाहेब, आता तुमच्या खुर्चीबद्दल. सगळं तांत्रिक क्षेत्र परवान्यांनी बांधलंय हे तुमचं म्हणणं चुकीचं आहे. डॉक्टर, वकील, सीए, फार्मासिस्ट यांना कायद्याने नोंदणी सक्तीची आहे. अभियंत्यांसाठी असा देशभराचा कायदा नाही. आर्किटेक्टच्या बाबतीतही 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की 1972 चा कायदा त्या पदनामाला संरक्षण देतो. तसं काम दुसऱ्याने करायला सरसकट बंदी घालत नाही. इन्व्हर्टरची रचना, कंट्रोल पॅनेल, सॉफ्टवेअर, बॅटरी, कारखान्यातलं ऑटोमेशन, इथे तिला कुणाचा परवाना लागणार नाही, कामच दाखवावं लागेल. परवाना लागतो तो लोकांच्या घरात, शेतात जोडणी करताना.

आणि परवाना देणाऱ्या खुर्चीत बसायचं असेल, तरी विद्युत निरीक्षकासारख्या तांत्रिक पदाला विद्युत अभियांत्रिकीचंच शिक्षण लागतं. डिग्री सोडून तुमचा मार्गही पुढे जात नाही. ती घेतल्यावर तिला स्वतःहून सरकारी सेवेत जावंसं वाटलं, तर आनंदाने जाऊ द्या. मोजमाप घेऊन सही करणारी एक अधिकारी मिळाली तर जिल्ह्याचं भलंच आहे. पण नियमांच्या भीतीने, मनात नसताना, पाच-सहा वर्षं अभ्यासिकेत घालवणारी मुलं मी फार बघते. जळगाव-धुळ्यात अशा अभ्यासिका भरलेल्या आहेत. हुशार मुलीचं वय तिथे घालवू नका.

सोलरच्या धंद्याविषयी मला खरी काळजी वेगळी वाटते, आणि तिच्याबद्दल तुम्ही दोघांनीही काही लिहिलेलं नाही. ती अनुदानाची. पीएम सूर्यघर योजनेत 3 किलोवॅटला 78,000 रुपये मिळतात, सौर कृषिपंप योजनेत शेतकऱ्याला साधारणपणे 10 टक्केच हिस्सा भरावा लागतो. मागणी यामुळे आहे. योजना बदलली, तिचे निकष बदलले की मागणीही बदलते. परवान्यापेक्षा हे जास्त धोक्याचं सरकारी अवलंबित्व आहे. म्हणून तिने निम्मं तरी लक्ष अनुदानाशिवाय चालणाऱ्या कामाकडे ठेवावं: जिनिंग, केळीची शीतगृहं, डाळ मिल, छोटे कारखाने. त्यांना वीज महाग पडते आणि ते हिशोब करून पैसे देतात. याच लोकांना ऊर्जा लेखापरीक्षकही लागतो, म्हणजे वीज कुठे वाया जाते ते तपासणारा माणूस. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोची परीक्षा त्यासाठी आहे; डिग्री आणि अनुभवानंतर ती द्यावी.

म्हणजे सध्या एवढं करा. निकाल लागला की थेट दुसऱ्या वर्षाच्या प्रवेशफेरीत जळगावचं शासकीय अभियांत्रिकी पहिल्या पसंतीला भरा. प्रवेश होईपर्यंतच्या सुट्टीत तिला एखाद्या परवानाधारक वीज ठेकेदाराकडे कामाला पाठवा, अनुभवाचा दाखला पर्यवेक्षकाच्या प्रमाणपत्राला उपयोगी पडेल. नेमक्या अटी विद्युत निरीक्षकांच्या कार्यालयात तिने स्वतः जाऊन विचाराव्यात. आणि तुमच्या घरावर 3 किलोवॅट बसवायचं असेल, तर त्याच ठेकेदाराच्या देखरेखीखाली आराखडा, अर्ज, अर्थिंगची मोजणी सगळं तिला करू द्या. कोणता कागद कुठे किती दिवस पडून राहिला आणि तपासणीत कुणी काय मोजलं, याची तिने वही ठेवावी. ती वही मला पाठवा. आयोगाकडे हरकत कशी लिहायची ते मी तिला त्यावरून दाखवेन.