संरक्षण आदेश असलेल्या बाईचा खून : शिक्षा वाढते का?

प्रश्न : बहिणीला कौटुंबिक हिंसाचाराच्या केसमध्ये कोर्टाचा संरक्षण आदेश मिळालाय. तरी नवरा फोन करून ‘जिवंत सोडणार नाही’ म्हणतो. अशा बाईचा खून झाला तर जादा शिक्षा आहे का?

उत्तर : आपल्याकडे वेगळी तरतूद नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम 103 नुसार खुनाला फाशी किंवा जन्मठेप, शिवाय दंड. अमेरिकेत फ्लोरिडामध्ये मात्र आदेश ज्याच्याविरुद्ध आहे त्यानेच तो मिळवणाऱ्या व्यक्तीचा खून केला, तर फाशीचा विचार करताना ती गुन्हा अधिक गंभीर करणारी बाब धरतात. आपल्याकडेही हे व्हायला हवं.

पण तोवर थांबू नका. आदेशात संपर्काला मनाई असेल, तर तो फोन हाच गुन्हा आहे. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम 31 नुसार एक वर्षापर्यंत कैद, 20,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. गुन्हा दखलपात्र (म्हणजे पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात) आणि अजामीनपात्र. घोडं पेंड खातं ते ठाण्यात. ‘नवरा-बायकोचं भांडण’ म्हणून एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नुसती नोंद, हातात ठेवतात. ती घेऊन परतू नका. आदेशाची शिक्क्याची प्रत पुढे ठेवा, संपर्कबंदीच्या ओळीवर बोट ठेवा आणि कलम 31 खाली एफआयआर मागा. प्रत कोर्टातून मोफत मिळते. कॉल लॉग, मेसेज पुसू नका. ठाण्याने टाळलं तर संरक्षण अधिकाऱ्याकडे (या कायद्याखाली सरकारने नेमलेला अधिकारी) सही करून लेखी तक्रार द्या. ती मॅजिस्ट्रेटकडे जाते. साक्षीदार नाही म्हणून घाबरू नका, कलम 32 नुसार एकट्या तिच्या साक्षीवरही कोर्ट गुन्हा सिद्ध धरू शकतं. तो दाराशी आला, तर आधी 112.