सहकाऱ्याच्या नावावर शेत घेऊ नका

प्रश्न : आम्ही दोघं नवरा-बायको नोकरी सोडून गावाकडे थोडी शेती करणार आहोत. सातारा जिल्ह्यात 11 गुंठे जिरायत पसंत केली, इसारही दिला. आम्ही शेतकरी नाही. एजंट म्हणतो, ऑफिसातल्या शेतकरी सहकाऱ्याच्या नावावर खरेदीखत करा आणि त्यांच्याकडून नोटरी करारनामा व कुलमुखत्यारपत्र (त्यांच्या वतीने व्यवहार करायचा अधिकार देणारा कागद) घ्या. माझ्या वडिलांची जमीन नव्हती. आई शेतकरी घरातली होती, ती आता नाही. काय करावं?

उत्तर : राजीनामा दिला नसेल तर आत्ता देऊ नका. एजंटने सांगितलेला रस्ता तर पूर्ण सोडून द्या.

तुमच्या भागाला 1948 चा कुळवहिवाट कायदा लागू आहे. त्याच्या कलम 63 प्रमाणे शेतकरी नसलेल्याला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. तशी खरेदी झाली तर तहसीलदार कलम 84क खाली चौकशी करू शकतात आणि जमीन सरकारजमा होऊ शकते. पैसे तुमचे आणि नाव सहकाऱ्याचं, हा तर बेनामी व्यवहार. त्याला 1 ते 7 वर्षं कैद आहे. उद्या सहकारी फिरले किंवा वारले आणि त्यांच्या मुलांनी 'जमीन आमची' म्हटलं, तर मालकीचा दावाच तुम्हाला लावता येणार नाही. कुलमुखत्यारपत्राने मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये स्पष्ट केलंय. आयुष्यभराची पुंजी अशा कागदावर ठेवायची नसते.

शिवाय तुकडेबंदी, म्हणजे शेतजमिनीचे फार लहान तुकडे पाडायला बंदी, आहेच. 2023 च्या अधिसूचनेनुसार जिरायतीचं (पावसावरच्या जमिनीचं) प्रमाणभूत क्षेत्र, म्हणजे सगळ्यात लहान चालणारा तुकडा, 20 गुंठे आहे. मोठ्या गटातून तुमचे 11 गुंठे तोडून देणार असतील, तर ती खरेदी तिथेच अडकते.

मला तुमच्या पत्रातली आईबद्दलची ओळ सगळ्यात महत्त्वाची वाटते. आजोबा मृत्युपत्र न करता 1956 नंतर वारले असतील, तर मुलगी म्हणून आईला वाटा होता. सातबारावर फक्त मामांची नावं लागली म्हणून तो हक्क जात नाही. आईच्या माहेरच्या गटाचे जुने सातबारा आणि आजोबांच्या वारस नोंदीचा फेरफार (सातबारावरचं नाव बदलल्याची नोंद) काढा. त्या फेरफारात आईचं नाव आहे का, की पुढे तिने नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून दिलंय, एवढं नीट वाचा. हक्कसोड नसेल तर तुम्ही तिच्या वारस आहात. वारस नोंद होऊन सातबाराला तुमचं नाव सामाईक लागलं, की शेतकरी असल्याचा पुरावा तुमच्या हातात येतो. त्यासाठी वाटप करून मागायची गरज नाही.

पण नोटीस पाठवण्याआधी मामांच्या घरी जा. जमीन त्यांनी इतकी वर्षं कसलीय. 'मला वाटून नको, नाव लागू दे' हे समोर बसून सांगितलंत तर बहुतेक घरांत ऐकून घेतात. वकिलाचं पाकीट आधी गेलं की बोलणंच संपतं.

हा मार्ग बंद निघाला, तर खरेदीआधी जिल्हाधिकाऱ्यांकडे परवानगीचा अर्ज करा. वेळ लागेल, पण रस्ता सरळ आहे.

इसार लेखी पत्र देऊन परत मागा. पावतीवरच्या अटी मला पाठवा. पुढे कुठलीही जमीन बघाल तेव्हा भोगवटादार वर्ग 1 (विकायला सरकारी परवानगी न लागणारी) आहे ना, 'इतर हक्कां'त कुणाचा बोजा किंवा कुळ आहे का, आणि बांधापर्यंत जायला नोंदीतला रस्ता आहे का, हे तपासून आणि मोजणी करून घेऊनच ठरवा. खरेदीनंतर तलाठ्याची नोटीस निघते, हरकतीला 15 दिवस असतात. मंडळ अधिकाऱ्यांनी फेरफार मंजूर केला, की त्या दिवशी राजीनामा लिहा.