हॉटेलसारखा कोथिंबीर-लिंबाचा भात : लिंबू नेमकं कधी पिळायचं?

मागच्या अंकात बरितो बोलची, म्हणजे भातावर बीन्स, साल्सा, ग्वाकामोले वगैरे वाढलेल्या मेक्सिकन धाटणीच्या वाडग्याची कृती दिली होती. त्यात भाताबद्दल एवढंच लिहिलं होतं, 'कोथिंबीर-लिंबाचा भात तयार ठेवा.' जवळजवळ सगळी पत्रं त्या एका ओळीवरच आली. बीन्स, साल्सा, ग्वाकामोलेबद्दल कुणाला काही विचारायचं नाही! म्हणून या वेळी फक्त भात.

प्रश्न : मुलीकडे अमेरिकेत गेले होते, तेव्हा चिपोटले या मेक्सिकन धाटणीच्या हॉटेल-साखळीत हा भात खाल्ला आणि फार आवडला. घरी केला की भात गिच्च होतो, कोथिंबीर काळपट पडते. आंबटपणा येतो, पण तो ताजा वास काही येत नाही. ते लोक आणखी काय घालतात?

उत्तर : आणखी काहीही घालत नाहीत. चिपोटले आपल्या पदार्थांतले घटक जाहीर करते. भाताच्या यादीत तांदूळ, पाणी, तेल, लिंबाचा रस, कोथिंबीर, मीठ आणि तमालपत्र एवढंच आहे. लसूण नाही, जिरं नाही, बटर नाही. इंटरनेटवरच्या कृतींमध्ये कांदा परतायला सांगतात, तो पुलाव होतो. छान लागतो, पण तुम्हाला हवा तो भात हा नव्हे.

तुम्ही लिहिलंय की लिंबू आणि कोथिंबीर तुम्ही तांदूळ शिजतानाच घालता. गडबड तिथे आहे. लिंबाचा आंबटपणा पातेल्यात राहतो आणि वास वाफेबरोबर उडून जातो. म्हणून भात आंबट लागतो, पण लिंबाचा लागत नाही. कोथिंबिरीचंही तेच. शिवाय आम्ल आणि उष्णता एकत्र आली की पानातल्या हरितद्रव्यातला मॅग्नेशियम निघून जातो आणि हिरवा रंग मळकट होतो. कोथिंबीर कितीही ताजी असली तरी उकळत्या आंबट पाण्यात ती हिरवी राहणार नाही.

मी काही वर्षं अशाच एका किचनमध्ये सकाळच्या पाळीला भाताच्या टेबलावर काम केलंय. तिथे एक नियम फार कडक होता. भात ज्या भांड्यात शिजला, त्या भांड्यात काहीही कालवायचं नाही. शिजलेला भात स्टीलच्या रुंद, उथळ भांड्यात उपसायचा, वाफ जाऊ द्यायची, मग पुढचं. घरी परात घ्या.

आता सविस्तर. २०० ग्रॅम लांब दाण्याचा तांदूळ घ्या. बासमती उत्तम. धुवताना तीन-चार पाणी बदला, पाणी जवळपास निवळ दिसायला हवं, कारण दाण्यांवरचा पिठूळपणाच भाताला चिकट करतो. वीस-पंचवीस मिनिटं भिजवा. मोठ्या पातेल्यात दोन लिटर पाण्याचं आधण ठेवा, त्यात एक मोठा चमचा मीठ आणि एक तमालपत्र. आधण खळखळलं की तांदूळ वैरा आणि झाकण ठेवू नका. भिजवलेला बासमती पाच ते सात मिनिटांत होतो, म्हणून पाचव्या मिनिटापासून शीत काढून बोटांत दाबून बघत राहा. मधे अगदी बारीक कणी लागली पाहिजे, टिकलीएवढीही नको. लगेच वेळून घ्या. रिकाम्या गरम पातेल्यात भात परत टाका, वर स्वच्छ फडकं, त्यावर झाकण, आणि गॅस बंद करून आठ-दहा मिनिटं थांबा. कणी त्या वाफेत शिजते आणि जास्तीचं पाणी फडकं पिऊन घेतं.

मग भात परातीत काढा, काट्याने हलक्या हाताने मोकळा करा आणि एक मोठा चमचा बिनवासाचं तेल सोडा. तेल आधणात घातलं तर वेळताना पाण्याबरोबर मोरीत जातं. आता दोन मोठे चमचे लिंबाचा रस वाटीत घ्या, त्यात अर्धा चहाचा चमचा मीठ पूर्ण विरघळवा. कोरडं मीठ भातावर भुरभुरवलं की एक घास खारट लागतो आणि दुसरा अळणी, रसातून गेलं की दाण्यादाण्याला लागतं. भाताच्या ढिगात बोट घालून बघा. चटका बसतोय, पण बोट ठेवता येतंय, अशा वेळी रस ओता. त्या वेळी वाफ गेल्याने दाणा वरून कोरडा झालेला असतो आणि गरम असल्यामुळे रस आत ओढून घेतो. परातीच्या तळाला आंबट पाणी साचलं, तर भात नीट वेळला गेला नव्हता असं समजा. उलथनं तळातून वर, तळातून वर, असं फिरवा. ढवळायचं नाही. बासमतीचा दाणा लांब असतो आणि तो लगेच मोडतो.

दोन-तीन मिनिटांनी, भात कोमट-गरम असताना, पाव वाटीभर बारीक चिरलेली कोथिंबीर घाला. धुतल्यावर ती फडक्यात गुंडाळून अगदी कोरडी करा आणि सुरीला धार असू द्या. बोथट सुरीखाली पान चिरत नाही, चेचलं जातं, आणि काळं पडतं. कोवळे देठ टाकून देऊ नका. वास त्यांतही असतो.

अजूनही 'काहीतरी कमी' वाटलं तर लिंबू पिळण्याआधी चिमूटभर मीठ वाढवून बघा. लोक मिठाची उणीव लिंबाने भरून काढायला जातात आणि भात आंबट करून बसतात.

प्रश्न : लिंबू हिरवं घ्यायचं की पिवळं? बाटलीतला रस चालेल का?

उत्तर : बाटलीतला रस नको. त्याला शिळा, शिजलेला कडवटपणा असतो आणि एवढ्या साध्या भातात तो लपत नाही. त्या हॉटेलांत हिरवं लाइम आणि पिवळं लेमन, दोन्हींचा रस मिसळतात. लाइमने धार येते, लेमन ती थोडी बोथट करतं. मोठं, बिनबियांचं पर्शियन लाइम असेल तर एकात साधारण दोन मोठे चमचे रस निघतो. पातळ सालीचं छोटं कागदी लिंबू त्याहून जास्त आंबट असतं, त्यामुळे दीड चमच्यावर थांबा आणि चव घेऊन पुढे जा. मी स्वतः थोडी सालही किसून घालते, कारण खरा वास सालीतल्या तेलात असतो. फक्त हिरवा भाग किसा, खालचा पांढरा कडू असतो.

प्रश्न : तमालपत्र घातल्यावर माझ्या भाताला मसालेभाताचा वास आला. असं का?

उत्तर : कारण तुमचं तमालपत्र वेगळ्या झाडाचं आहे. पान हातात घेऊन बघा. देठापासून टोकाकडे तीन लांब शिरा गेलेल्या दिसल्या, तर ते दालचिनीच्या कुळातलं, वास लवंग-दालचिनीच्या वळणाचा. अमेरिकन किचनमध्ये 'बे लीफ' म्हणून वापरतात ते लॉरेलचं पान. त्याला मधोमध एकच मुख्य शीर असते आणि वास सौम्य, किंचित निलगिरीसारखा. लॉरेल मिळालं तर घाला, नाही मिळालं तर तमालपत्र सरळ वगळा. काही बिघडत नाही.

प्रश्न : कुकरमध्ये होईल का?

उत्तर : होईल, पण हॉटेलसारखा नाही. तरीही करायचाच असेल तर भिजवलेल्या तांदळाला सव्वापट पाणी घाला, एका शिट्टीनंतर गॅस बंद करा, आणि झाकण उघडताक्षणी भात परातीत पसरा.

प्रश्न : हा भात खरोखर मेक्सिकन आहे का? आमच्या घरी यावरून वाद आहे.

उत्तर : दोन्ही पक्षांना थोडे थोडे गुण देते. मेक्सिकोत कोथिंबीर घातलेला हिरवा भात आहे, त्याला 'आरोस वेर्दे' म्हणतात. त्यात पोब्लानो मिरची आणि कोथिंबीर वाटून तांदूळ त्या वाटणात शिजवतात. तो वेगळा पदार्थ. पांढऱ्या मोकळ्या भातात वरून लिंबू-कोथिंबीर मिसळायचा हा प्रकार लोकप्रिय केला तो अमेरिकेतल्या मेक्सिकन धाटणीच्या हॉटेलांनी. चिपोटले स्टीव्ह एल्स या शेफने १९९३ मध्ये डेन्व्हरमध्ये सुरू केलं, आणि त्याला कल्पना सुचली ती सॅन फ्रान्सिस्कोच्या मिशन भागातल्या टाकेरियांवरून, म्हणजे टाको-बरितो विकणाऱ्या साध्या खाणावळींवरून. वादात तेल ओतायचं असेल तर हेही सांगा : तांदूळ, लिंबू आणि कोथिंबीर, तिन्ही गोष्टी मूळच्या अमेरिका खंडाच्या नाहीत. स्पॅनिश लोक आल्यावर त्या तिकडे पोचल्या. बोलमधला मका, टोमॅटो, मिरची आणि राजमा मात्र तिथलाच.

प्रश्न : माझ्या मुलाला कोथिंबीर साबणासारखी लागते. तो नाटक करतोय का?

उत्तर : बहुधा नाही. कोथिंबिरीच्या वासात आल्डिहाइड नावाची जी द्रव्यं असतात, तशीच काही साबणातही असतात. वास ओळखणाऱ्या एका जनुकातल्या फरकामुळे काही जणांना ती जास्त जाणवतात. प्रसिद्ध अमेरिकन पाककला-लेखिका ज्युलिया चाइल्ड यांनाही कोथिंबीर मुळीच खपत नसे, तेव्हा मुलाला रागावू नका. कोथिंबीर चिरण्याऐवजी लिंबाच्या रसात वाटून पाच-दहा मिनिटं ठेवून बघा. पान चेचलं की त्यातली एन्झाइम ही द्रव्यं मोडतात आणि वास मवाळ होतो. रंग थोडा काळवंडेल. तरीही नको म्हणाला तर त्याच्या वाटणीच्या भातात पार्सली घाला.

प्रश्न : वीस जणांसाठी करायचा आहे. सगळं प्रमाण दहापट करू का? आणि उरला तर?

उत्तर : वीस जणांना दीड किलो तांदूळ पुरतो, म्हणजे साडेसातपट. वेळून करणार असाल तर पाण्याचं प्रमाण काटेकोर पाळायची गरज नाही, पण एका पातेल्यात पाचशे ग्रॅमच्या वर जाऊ नका. मोजून पाणी घालून, झाकून शिजवणार असाल तर पाणी त्याच पटीत वाढवू नका. तांदूळ साधारण स्वतःच्या मापाएवढंच पाणी पितो, बाकीचं वाफ होऊन जातं, आणि तांदूळ पाचपट झाला म्हणून वाफ काही पाचपट होत नाही. मोठ्या भाताचा गिचका होतो तो यामुळेच. लिंबू आणि मीठ आधी हिशोबाच्या पाऊणपट घाला, मग चाखून वाढवा. कोथिंबीर वाढायच्या दहा मिनिटं आधी घाला, सकाळी नाही.

उरलेल्या भाताकडे मात्र लक्ष द्या. तांदळात बॅसिलस सेरेअस या जिवाणूचे बीजाणू असू शकतात. ते शिजवल्यावरही टिकतात, आणि भात तासन्‌तास कोमट राहिला की वाढून विष तयार करतात. त्यातलं उलटी करवणारं विष पुन्हा गरम करूनही जात नाही. तेव्हा जेवणं आटोपेपर्यंत भात ओट्यावर ठेवू नका. पसरट ताटात पातळ थर करून निववा आणि तासाभरात फ्रिजमध्ये टाका. दुसऱ्या दिवशी पाण्याचा हबका मारून चांगला वाफाळेपर्यंत गरम करा, एकदाच. वर थोडं ताजं लिंबू पिळा आणि मूठभर नवी कोथिंबीर घाला. कालची निवडून काढायच्या फंदात पडू नका, ती आता नुसती रंगाला आहे.