कोकणात मृगात चढणीचे मासे चढतात, तसे हिमालयातल्या थंड नद्यांतले मासे कधी चढतात आणि काय खातात?

तुम्ही लिहिलंय की तुम्ही चिपळूणकडचे, पाग (फेकायचं जाळं) आणि गळ दोन्हीची सवय आहे, आणि दसऱ्याच्या सुट्टीत हिमाचल किंवा उत्तराखंडला जायचा बेत आहे. तिथले मासेही पावसाबरोबर चढतात का, आणि त्या दिवसांत गळाला काय लागेल, असा तुमचा प्रश्न.

चढतात, पण सगळे पावसाच्या सांगण्यावरून नाही. आपल्याकडे नदीचं पाणी बारा महिने कोमटच. त्यामुळे माशाला ऋतू कळतो तो पाण्याच्या लोंढ्यावरून. मृगाचा पहिला दणका बसला, व्हाळांना (ओढ्यांना) लाल पाणी आलं, की उन्हाळाभर डोहात दबून बसलेले मळ्ये, शिंगटी, वाम असे मासे अंडी घालायला वर निघतात आणि थेट भाताच्या खाचरांपर्यंत पोचतात. हिमालयात पाण्याचं तापमान वर्षभरात १५ अंशांनीसुद्धा खालीवर होतं. तिथला मासा आधी तापमान बघतो, मग पाणी.

अंड्यांकडे बघितलं तर यामागचं कारण लगेच कळतं. रोहू-कटल्याची अंडी २७-२८ अंशांच्या पाण्यात दिवसाच्या आत फुटतात. हिमालयाच्या पायथ्याकडच्या महसीरची अंडी २२-२४ अंशांत तीन-चार दिवस घेतात. त्याहून थंड पाण्यातल्या ट्राउटची १० अंशांत चाळीसेक दिवस, आणि पाणी ५ अंशांवर गेलं तर त्याच्या दुपटीहून जास्त. आपल्या माशाला चार दिवस पाणी टिकणारं खाचरही पुरतं. ट्राउटला मात्र दीड-दोन महिने न हलणारी जागा लागते. म्हणून तो पावसाच्या लोंढ्यात अंडी घालतच नाही. पावसाळा सरल्यावर, नदी उतरून निवळली की घालतो.

तिथे तुम्हाला मुख्यतः तीन मासे भेटतील आणि तिघांची पंचांगं वेगळी आहेत.

असेला हा तिथला खरा स्थानिक. थंडी वाढली की खालच्या, जरा उबदार पट्ट्यात उतरतो आणि वसंतात पाणी तापायला लागलं की वरच्या उपनद्यांत शिरतो. त्याचं तोंड खालच्या बाजूला असतं आणि खालच्या ओठाची कडा टणक. तिने तो दगडावरचं शेवाळ खरवडून खातो. उथळ धारेतल्या मोठ्या गोट्यांवर शेवाळाच्या थरात बोटाएवढे स्वच्छ पट्टे दिसले तर असेला तिथे चरून गेला म्हणून समजा. गळवाल्याला याच्यात फारसा रस नसतो. तिथले लोक बहुतेक जाळ्यानेच धरतात.

महसीरचा स्वभाव आपल्या चढणीच्या माशांशी सगळ्यात जवळचा. मार्च-एप्रिलपासून तो मोठ्या नदीतून पायथ्याकडच्या संगमांकडे सरकतो आणि पावसाळ्यात लहान, गोट्यांच्या तळाच्या उपनद्यांत शिरून टप्प्याटप्प्याने अंडी घालतो. मुख्य नदी त्या वेळी गाळाने भरलेली असते, उपनदीचं पाणी लवकर निवळतं, हे त्यामागचं मोठं कारण. उत्तराखंडात गंगेला व्यासघाटाला मिळणारी नयार नदी याच कामासाठी प्रसिद्ध आहे. पाणी ओसरू लागलं की तो परत मोठ्या नदीत उतरतो. खाण्याच्या बाबतीत त्याला काहीच वर्ज्य नाही: किड्यांच्या अळ्या, शेवाळ, गोगलगाई, खेकडे, लहान मासे, काठावरच्या उंबराची पाण्यात पडलेली फळंसुद्धा. जबड्यात दात नाहीत, पण घशात आहेत, आणि तिथे तो गोगलगाईचं कवच सहज फोडतो.

तिसरा तपकिरी ट्राउट. हा मूळचा इथला नव्हेच. इंग्रजांनी १९०० च्या सुमारास काश्मीरमध्ये आणला, मग कुल्लूकडे. आता हिमाचलातल्या तीर्थन, पब्बर, बास्पा या नद्यांत तो चांगला रुळलाय. ऑक्टोबरपासून तो वरच्या, खड्यांच्या तळाच्या धारांकडे चढतो. मादी शेपटीने खडी उकरून खळगा करते, अंडी घालते आणि पुन्हा खडी ओढून झाकते. काळपट तळावर हातभर लांबीचा उजळ, धुतल्यासारखा खडीचा पट्टा दिसला तर त्यावर पाय देऊ नका. खाली अंडी असतात. पिल्लं वसंतात खडीतून वर येतात, नेमकी पाण्यात किडे वाढू लागतात तेव्हा.

ट्राउट काय खातोय हे कळायला धारेतले चार-पाच गोटे उलटून बघा. खाली दोन-तीन बारीक शेपट्यांच्या चपट्या अळ्या आणि वाळूच्या कणांची नळी बांधून राहणाऱ्या अळ्या चिकटलेल्या असतात. या अळ्या तिन्हीसांजेला आणि पहाटे धारेबरोबर वाहतात, म्हणून ट्राउटही तेव्हाच खातो. तो वेगवान धार आणि संथ पाणी यांच्या शिवेवर, दगडाच्या आडोशाला उभा राहतो. संथ पाण्यात ताकद वाचते आणि धार खाणं समोर आणून देते. आपल्या सवयीने भर दुपारी खोल डोहाच्या मधोमध गळ सोडून बसलात तर बसूनच राहाल.

गढूळ पाण्याचाही फरक आहे. आपल्याकडे लाल पाण्यात गांडूळ लावलं की शिंगटी वासावर येते. ट्राउट डोळ्यांनी शिकार करतो. हिमनदीच्या पिठूळ, राखाडी पाण्यात त्याला आमिष दिसतच नाही. मे-जूनमध्ये बर्फ वितळून दुपारनंतर नदी अशी राखाडी होते आणि चढते, म्हणून त्या दिवसांत सकाळच बरी.

सामानात माझ्या मते पहिली वस्तू साधा थर्मामीटर. दोरी बांधून सावलीतल्या वाहत्या पाण्यात, फूटभर खोल, दोन मिनिटं धरा. एकदा सकाळी, एकदा दुपारी दोनच्या सुमारास. ट्राउटसाठी १० ते १६ अंश उत्तम. ५ च्या खाली त्याचं पचनच मंदावतं, खाणं नावाला. २० च्या वर गेलं तर त्याला सोडून द्या, धरून सोडलेलाही जगत नाही. थंड पाण्यात प्राणवायू जास्त मावतो: समुद्रसपाटीला १० अंशांवर लिटरमागे ११ मिलिग्रॅमच्या वर, २८ अंशांवर आठच्या आत. ट्राउटची सवय पहिल्याची. महसीरला १८ ते २४ अंश मानवतात, १५ च्या खाली तो सुस्त होतो.

आता तुमचा दसरा. ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा महसीरसाठी चांगला. पाणी निवळतंय, अंडी घालून रिकामा झालेला, भुकेला मासा मोठ्या नदीत उतरतोय. संगमाच्या खाली, स्वच्छ आणि गढूळ पाण्याच्या सीमारेषेवर चमचा (चमच्याच्या आकाराचं धातूचं आमिष) किंवा लहान माशाच्या आकाराचं आमिष चालवा. दोरी २० ते ३० पौंडांचा ताण सोसणारी. ट्राउटला ४ ते ६ पौंड आणि ३ ते ५ ग्रॅमचा स्पिनर (फिरत्या पात्याचं आमिष) पुरे. जाड दोरी त्याला दिसते. ऑक्टोबरच्या शेवटी मात्र ट्राउटच्या वाटेला जाऊ नका असंच मी म्हणेन. हिमाचलात १ नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेर ट्राउटची मासेमारी बंदच असते.

परवाना दोन्ही राज्यांत मत्स्य विभागाचा लागतो. काढतानाच कोणतं आमिष चालतं ते विचारा. राखीव जंगलातल्या पट्ट्यासाठी वनखात्याकडे वेगळी चौकशी करा. सोनेरी महसीर संकटग्रस्त आहे, तो कालवणात घालायचा मासा नव्हे. गळाचा उलटा काटा पक्कडीने आधीच दाबून टाका, हात ओले करूनच मासा धरा, म्हणजे अंगावरचा बुळबुळीत थर निघत नाही, आणि तोंड धारेकडे करून तो स्वतः जोर लावेपर्यंत पाण्यातच धरून ठेवा.

नदीच्या मधल्या खडकावर उभं राहण्याआधी वर धरण आहे का ते गावात विचारा. धरणातून पाणी सोडण्याचा भोंगा वाजला तर सामान तिथेच टाकून काठ गाठा.