दहा जणांचा टेंट, मावले सहाच. पैसे परत मिळतील का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की दहा मित्रांनी कॉन्ट्री काढून ऑनलाइन ४२ हजारांचा कॅनव्हासचा गोल बेल टेंट (मधे खांब असलेला, घंटेच्या आकाराचा) घेतला, पेजवर मोठ्या अक्षरात '१० पर्सन' लिहिलेलं, पवना लेकला लावला तर सहाच जण झोपू शकले, बाकीच्यांना रात्री तिथंच भाड्यानं दोन छोटे टेंट घ्यावे लागले. तिसऱ्या दिवशी तक्रार केली तर सेलर म्हणतो टेंट वापरलाय, आता रिटर्न नाही.

आधी तुमची कमजोर बाजू सांगतो. पेजवर खाली बारीक अक्षरात '४ मीटर डायमीटर' लिहिलंय, म्हणजे सेलर म्हणणार की माप दिलं होतं, बघायचं होतं. ४ मीटरच्या गोलाचं क्षेत्रफळ होतं साधारण १३५ चौरस फूट आणि एका माणसाची मॅट दोन बाय साडेसहा धरली तर १३, म्हणजे कागदावर दहा जण बसतात की! पण मॅट चौकोनी आणि टेंट गोल, मधे खांब, कडेला कापड इतकं खाली येतं की डोकं टेकतं, सॅक ठेवायच्या त्या वेगळ्याच. गोलात पाय खांबाकडे करून झोपायचं म्हटलं तर दहा जणांचे पाय मधे एकमेकांवर येतात. हे तोंडी सांगून कुणाला पटणार नाही, म्हणून घरच्या गच्चीवर टेंट लावा, आत दहा मॅट अंथरा आणि टेप धरून फोटो-व्हिडिओ काढा. डायमीटरही मोजा, ४ मीटरपेक्षा कमी भरला तर मग केस एकदम पक्की.

कायदा तुमच्या बाजूनं बऱ्यापैकी आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार वस्तूबद्दल खोटं वर्णन करणं किंवा ग्राहकाची दिशाभूल होईल अशी हमी देणं ही दिशाभूल करणारी जाहिरात, आणि २०२० च्या ई-कॉमर्स नियमांत स्पष्ट आहे की जाहिरातीप्रमाणे नसलेली वस्तू परत घ्यायला सेलर नकार देऊ शकत नाही. लावून बघितल्याशिवाय किती जण मावतात ते कळणार कसं, त्यामुळे 'वापरलाय' या उत्तरात मला फारसा दम दिसत नाही.

आता आधी प्लॅटफॉर्मच्या, म्हणजे ज्या साइटवरून टेंट घेतला तिच्या, ग्रीव्हन्स ऑफिसरला (तक्रार निवारण अधिकाऱ्याला) मेल टाका, त्यानं ४८ तासांत पोच द्यायची असते आणि महिन्याभरात तक्रार निकाली काढायची असते. सोबत १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा, बरीच प्रकरणं तिथंच मिटतात. नाहीच झालं तर सेलर आणि प्लॅटफॉर्म दोघांना विरुद्ध पक्ष करून तुमच्या जिल्हा ग्राहक आयोगात जा, तुम्ही राहता तिथंच दाखल करता येतं, आणि ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. बिल तुमच्या नावावर आहे म्हणून तक्रारदार तुम्ही, मित्रांचे कॉन्ट्रीचे यूपीआय मेसेज जोडा. पेजचा स्क्रीनशॉट आजच काढा, उद्या बदलतील, आणि त्याला भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या (पुराव्याच्या कायद्याच्या) कलम ६३ चं, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारं सर्टिफिकेट लावा.

टेंटचे पैसे, त्या रात्रीचं भाडं आणि खर्च एवढंच मागा, मानसिक त्रासाचे लाख-दोन लाख वगैरे नको. पहिल्या पावसात शिवणीतून पाणी आलं म्हणता, ते तक्रारीत घालूच नका, कॉटन कॅनव्हास एकदा भिजून धागा फुगला की बऱ्याचदा शिवण बंद होते, सेलर तेवढ्यावरच तुम्हाला खोडून काढेल.

शेवटी तुम्ही लिहिलंय की 'वीकेंडला भाड्यानंही द्यायचा विचार होता'. हे मला फोनवर नीट सांगा, कारण धंद्यासाठी घेतलेल्या वस्तूला ग्राहक कायदा लागू होत नाही, स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वयंरोजगार असेल तर मात्र सूट आहे. तोपर्यंत टेंट पुन्हा कॅम्पला नेऊ नका, नीट वाळवून ठेवा, ओला गुंडाळलात तर बुरशी धरेल आणि मग आयोगासमोर चर्चा त्या डागांचीच होईल.