प्रतल, पैलू आणि परावर्तन : वाचक विचारतात

प्रश्न : सर, मुलगी नववीत आहे. पुस्तकात कुठं पृष्ठभाग, कुठं सपाट, कुठं प्रतल असं येतं. हे सगळं एकच का? – एक आई, राजारामपुरी

नाही हो ताई. पृष्ठभाग म्हणजे वस्तूची बाहेरची बाजू, कशी का असेना, नारळाला पण असतो. प्रतल मात्र भूमितीतलं, जाडी शून्य आणि चारी बाजूंनी न संपणारं, त्यामुळं ते फक्त डोक्यात असतं. एका रेषेत नसलेले तीन बिंदू घेतले की एकच प्रतल ठरतं, म्हणून तिवई कधी डुगडुगत नाही आणि चार पायांचं स्टूल डुगडुगतं. सपाट आरसा म्हणजे ज्याचा पृष्ठभाग एका प्रतलात बसतो तो. गाडीचा साइड मिरर बहिर्गोल, त्यात मागची उसाची ट्रॉली लहान दिसते म्हणून लांब वाटते, ती लांब नसते, एवढं मुलीला स्कूटी शिकवताना पण सांगा.

प्रश्न : स्फटिकाची माळ घेतली एका दुकानातनं, मित्र म्हणतोय ही काच आहे. दोन्ही चमकतंय की, मग फरक काय? – एक वाचक, शाहूपुरी

इथं घोळ असा आहे की दुकानदाराचा स्फटिक म्हणजे एक ठराविक दगड, क्वार्ट्झ, आपली गारगोटी (भुदरगडातलं गाव नव्हे). विज्ञानात मात्र आतले अणू ठराविक नक्षीत परत परत रचलेले असले की तो पदार्थ स्फटिक, मग त्यात मीठ आलं, तुरटी आली, खडीसाखर आली आणि हुपरीच्या पैंजणातली चांदी पण आली. काचेत क्वार्ट्झसारखेच सिलिकॉन-ऑक्सिजन असतात पण रचना विस्कटलेली, म्हणून काच स्फटिक नाही. आणि शोरूममध्ये क्रिस्टलचे ग्लास म्हणून महाग विकतात ती पण काचच, चमक वाढावी म्हणून पूर्वीपासून त्यात शिसं घालत आलेत!

आतली रचना बघायची असेल तर जाड्या मिठाचा एक मोठा खडा घ्या, सुरीची धार त्याच्या बाजूला समांतर धरून वरनं हलकं ठोका. नीट बसलं तर तो काटकोनात फुटतो आणि नवीन बाजू पण गुळगुळीत, उजेडात धरली की झळकते. याला विदलन म्हणतात. अभ्रकाचे एकाच दिशेनं पापुद्रे निघतात, हिरा चार दिशांनी चिरता येतो, क्वार्ट्झ मात्र असा सरळ फुटतच नाही, शिंपल्यासारखा वळणदार तुटतो, आणि काच पण तशीच तुटते.

मण्यावरचे पैलू बघून काही कळणार नाही, ते कारागिरानं घासलेले असतात, काचेवर पण घासता येतात. भिंगातनं बघा, आत गोल बुडबुडे दिसले तर काच समजा. क्वार्ट्झ हाताला जास्त गार लागतो आणि काचेवर चरा पाडतो, पण घरातल्या आरशावर ट्राय करू नका, शिव्या खाल.

प्रश्न : बीएस्सीला ब्रॅगचं परावर्तन आहे. स्फटिकात आरसा कुठनं आला? – एक विद्यार्थी, कोल्हापूर

भावा, आरसा नाहीच, अणूंचे थर आहेत. १९१२ साली जर्मन शास्त्रज्ञ लाऊएच्या सांगण्यावरनं स्फटिकातनं एक्स-रे सोडले तेव्हा फोटोप्लेटवर ठिपके उमटले. त्याच वर्षी लॉरेन्स ब्रॅग या बावीस वर्षांच्या पोरानं विचार केला की अणूंचं प्रत्येक प्रतल थोडे थोडे किरण आरशासारखे परत पाठवतंय असं धरू, आणि ठिपक्यांचं गणित सुटलं. लॉरेन्स आणि त्याचे वडील विल्यम ब्रॅग, या बापलेकांना मिळून १९१५ चं नोबेल मिळालं, तेव्हा पोरगा पंचविशीत, आणि भौतिकशास्त्रात त्याच्यापेक्षा तरुण आजवर कोणी नाही.

आता एकाच स्फटिकात इतकी प्रतलं कशी, तर चौकोनात लावलेली आंब्याची बाग रस्त्यावरनं जाताना बघ, आधी सरळ रांगा दिसतात, जरा पुढं गेलास की तिरक्या, झाडं तीच. परीक्षेत मात्र एक फरक लिहायला विसरू नको : साधा आरसा कुठल्याही कोनात परावर्तन करतो, स्फटिक एका तरंगलांबीला ठराविक कोनातच, कारण एकाखालच्या एका थरातनं आलेल्या लाटा एकमेकीला जुळाव्या लागतात. मिठात असे शेजारचे दोन थर ०.२८ नॅनोमीटरवर असतात, एक्स-रेची तरंगलांबी पण त्याच मापातली म्हणून जमतं, साध्या उजेडाला जमत नाही.

प्रश्न : परावर्तन आणि प्रतिबिंब एकच का? आणि अंबाबाईचा किरणोत्सव यातलं कुठलं? – एक आजोबा, मंगळवार पेठ

आजोबा, परावर्तन ही क्रिया, प्रतिबिंब हे दिसणारं चित्र. रंकाळ्यात शालिनी पॅलेस उलटा दिसतो ते प्रतिबिंब. वारं सुटलं की चित्र मोडतं पण पाणी चमकतच असतं, म्हणजे परावर्तन चालूच. किरणोत्सव यातलं काहीच नाही, तिथं आरसा नाही, देवी पश्चिममुखी आहे आणि मावळतीचे किरण महाद्वारातनं थेट आत येतात. साधारण ९ ते ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी असं वर्षातनं दोनदा होतं, कारण २२ डिसेंबरच्या आसपास सूर्य दक्षिणेला टोकाला जाऊन परत फिरतो आणि जाताना जिथं मावळला तिथंच येताना पुन्हा मावळतो.